वळणाच्या पोटातली गंज

मळा, चकलांबा रस्ता, ता. गेवराई
१० जानेवारी १९७३

राधाकिशनराव जावईबापूंना,

उत्तरेश्वरचा रामराम घ्यावा. मनापासून आहे असं समजू नये, कागदावर लिहायची रीत आहे म्हणून लिहिला आहे.

दिवाळीत तुम्ही भरल्या ताटावरून उठून परळीला निघून गेलात. पुरणपोळीला तुम्ही हातही लावला नव्हता. ती शेवटी आमच्या धुळाजी गड्याने खाल्ली, आणि जावयाच्या वाट्याची पोळी खाल्ली म्हणून आठवडाभर ऐटीत हिंडला. वर मलाच विचारतो, "मालक, जावई पुन्यांदा कवा रुसणार हायत?"

तुमची तक्रार अशी की आमच्या मळ्याच्या वळणावर तुमची जीप आणि एक बैलगाडी समोरासमोर आली, आणि तुम्ही करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलात. कारण काय, तर वळणाच्या पोटात माझी कडब्याची गंज आहे, तिच्यामुळे पलीकडचं दिसत नाही. इथपर्यंत ठीक. पण पाहुण्यांच्या पंगतीत तुम्ही जाहीर केलंत की ही गंज हलल्याशिवाय शिवकन्याला बाळंतपणासाठी माहेरी पाठवणार नाही. अहो, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं! तुमच्या आईचंही झालं असेल, विचारून बघा. केशरबाईने पोरीसाठी दोन गोधड्या शिवून ठेवल्यात, तिसरीला टाके घालते आहे आणि प्रत्येक टाक्याला माझ्याकडे बघते आहे.

तुम्ही रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर आहात, हे मला मान्य. मीही सोसायटीचा चेअरमन आहे. रस्ता तिथे आपणहून वळतो. सरकारी नकाशात तो सरळ होता, माझ्या मोसंबीच्या बागेतून जात होता आणि मग एकाएकी वळला, असं लोक बोलतात. लोकांना तोंड आहे.

राहिली गंज. ती पाच गावांत सर्वांत मोठी आहे. यंदा पाऊस नाही, चारा नाही, अशा सालात ती तशीच्या तशी उभी आहे म्हणून लांबून लोक बघायला येतात. आमच्या घराण्याची रीत अशी की नवी गंज रचल्याशिवाय जुन्या गंजीचं बूड उघडं पडू द्यायचं नाही. माझ्या वडिलांनी ते पडू दिलं नाही, आजोबांनी दिलं नाही. आणि मी काय जावयाच्या ब्रेकसाठी पाडू?

तरी तुमचा मान राखावा म्हणून काल सोसायटीच्या बैठकीत हा विषय घेतला. पुढील ठराव सर्वानुमते मंजूर झाला आहे: "सदर वळणावरून पुढचे व्यवस्थित दिसते." आता तरी तुमचं समाधान व्हावं.

जाता जाता एक. शिवकन्याने आईला लिहिलंय की जावई दारात आले तरी मामा खाटेवरून उठले नाहीत, याचं तुम्हाला फार वाईट वाटलं. अहो, उठणार कधी? गंजीआडून तुमची जीप निघाली ती थेट माझ्या पायांशी. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, आधी हात टेकायचा, मग कंबर, मग देवाचं नाव. मी अर्धा उठलो होतो. अर्धा उठलेला माणूस बसलेलाच दिसतो. याचा संबंध कृपा करून गंजीशी जोडू नये.

उत्तरेश्वर
चेअरमन, सेवा सहकारी सोसायटी


२८ जानेवारी १९७३

राधाकिशनराव,

पत्र मिळालं. सासऱ्याला पत्र लिहिलंत आणि त्यात सासूची तब्येत नाही, तिळगूळ पोचल्याचा निरोप नाही. सगळा रस्ता.

तुम्ही लिहिता की ठरावाने गाडी थांबत नाही. ड्रायव्हरला काही दिसलं, की मग त्याचं डोकं चालतं, मग पाय चालतो, मग ब्रेक चालतो, आणि तोवर गाडी पुढे पळतच असते. आमच्या रस्त्यावरच्या वेगाला थांबेपर्यंत दोनशे फूट तरी लागतात. म्हणून तेवढं अंतर वळणावर रस्त्यारस्त्याने मोजायचं, आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोर सरळ ताणायचा. ड्रायव्हरची नजर त्या दोरासारखी जाते, ती काही रस्त्याबरोबर वळत नाही. जे जे दोराला लागेल ते ते नजरेच्या आड आहे, आणि ते हलवायचं.

मी उघड्या मनाचा माणूस आहे. विहिरी आटल्यामुळे मोटांचे नाडे रिकामेच पडलेत. दोन-तीन जोडून दोर केला. एका टोकाला धुळाजी, दुसऱ्या टोकाला मी. खडी फोडायच्या दुष्काळी कामावरच्या बाया-माणसं हातोडे टाकून बघायला आली, त्यामुळे सरकारी काम तासभर बंद राहिलं. ते तुमच्याच खात्याचं काम आहे, तेव्हा त्याचा दोष तुमच्याकडे.

दोर गंजीला किंचित लागला.

धुळाजी सगळ्यांसमोर ओरडला, "मालक, किंचित न्हाई! पार पोटातून चाललाय!" आणि तो मूर्ख दोराचं टोक तोंडात धरून गंजीत शिरला. पलीकडून निघायला त्याला इतका वेळ लागला की त्याची बायको रडायला लागली. बाहेर आला तेव्हा दाढीत कुसळं, आणि तोंडातला दोर आतच राहिलेला. तो अजून आतच आहे.

पण मी हटलो नाही. उपाय काढला. ड्रायव्हरला पलीकडचं दिसत नसेल, तर ज्याला दिसतं त्याने सांगावं. धुळाजीला वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभा केला, हातात केशरबाईच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा. एका बाजूने गाडी आली की दुसऱ्या बाजूला तो फडकवायचा. ठराव मंजूर.

पहिले दोन दिवस उत्तम गेले. मग धुळाजीच्या लक्षात आलं की आपण फडकं हलवलं की ट्रक थांबतो, आणि थांबलेल्या ड्रायव्हरकडे तंबाखू असते. त्याने दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम थांबवायला सुरुवात केली. गप्पा रंगू लागल्या. मुक्कामी एस.टी.चा ड्रायव्हर हरिबा माझ्याकडे भांडायला आला, "चेअरमन, तुमच्या गड्यानं माझ्या घरची सोयरीक इचारली, उसाच्या गाडीवाल्याचं दुखणं इचारलं. पाशिंजर आत बोंबलतेत. आमी गाडी चालवावी का बैठक भरवावी?"

परवा दुपारी धुळाजी गंजीच्या सावलीत झोपलेला सापडला. माश्या बसू नयेत म्हणून लाल फडकं तोंडावर घेतलं होतं. दोन्हीकडच्या गाड्या त्याला बघून थांबल्या आणि मेला की काय म्हणून माणसं गोळा झाली. म्हणजे बघा, गाड्या थांबल्याच की नाही?

शिवकन्याला कधी पाठवता ते कळवावं. तिला बोरं आवडतात. यंदा बोरं मात्र आहेत, बोरीला दुष्काळ समजत नाही.

उत्तरेश्वर
चेअरमन


१८ फेब्रुवारी १९७३

राधाकिशनराव,

धुळाजीचा उपाय "माणूस म्हणजे नजर नव्हे" या एका ओळीत तुम्ही निकालात काढलात. ठीक आहे. मग मी खरीखुरी नजर बसवली.

सोसायटीच्या उद्घाटनाला भेट आलेला मोठा आरसा ऑफिसात होता, ज्यात बघून सेक्रेटरी दिवसभर भांग पाडत असे. तो काढला आणि वळणाच्या बाहेरच्या लिंबाला तिरपा बांधला. अलीकडच्याला पलीकडचं दिसावं, पलीकडच्याला अलीकडचं. खुद्द परळीच्या ओव्हरसियरला हे सुचलं नव्हतं, हे इथे नम्रपणे नमूद करतो.

पहिल्याच दिवशी खडीवरच्या बाया घरी जाताना तिथे थांबल्या. कुंकू नीट कर, पदर नीट कर. रस्त्यावर घोळका. विमलबाई मुकादमीण म्हणाली, "दुष्काळ पडल्यापून तोंड बघितलं नव्हतं, लई काळं पडलंय की." मी तिला तिथून हटवणार होतो. पण ती तिथे बराच वेळ स्वतःकडे बघत उभी राहिली, आणि मी तसाच मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी हरिबाची एस.टी. रस्ता सोडून शेताच्या ढेकळांत उतरली. कोणाला काही झालं नाही, कोंबड्यांची पाटी तेवढी उलटली. मी धावत गेलो. म्हटलं, "काय झालं?"

"समोरून येष्टी आली. म्या साईड दिली."

"अरे, ती तुझीच गाडी! आरशातली!"

हरिबाने टोपी काढून डोकं खाजवलं. "तरीच म्हनलं, म्या एवढी साईड दिली, तर त्यो कावून देईना?"

तरीही आरसा राहिला असता. पण माझा देवणी बैल, तो डावा, ज्याच्या शिंगांचं तुम्ही लग्नात कौतुक केलं होतं, चारायला नेताना तिथून गेला. त्याला समोर आपल्यासारखाच एक गडी दिसला, तितकाच मस्तवाल, आणि आपल्याच वाटेवर उभा. कोणी मागे हटेना. पुढचं काय लिहू? बैलाला थोडं खरचटलं आहे. आरसा आता सोसायटीत सर्व सभासदांना थोडा थोडा मिळू शकेल.

केशरबाई म्हणाली, "बैल मालकावर गेलाय." तिचं बोलणं मी मनावर घेत नाही.

शिवकन्याला सहावा लागला ना? तिचं पत्र आलं, अक्षर वेडंवाकडं. पाय सुजतात म्हणे. तिला पाय वर करून झोपायला सांगा, आणि पाण्याचे हंडे उचलू देऊ नका. तुम्ही उचला. तुम्ही ओव्हरसियर आहात हे हंड्याला माहीत नसतं.

उत्तरेश्वर


९ मार्च १९७३

राधाकिशनराव,

एक लहानसा प्रकार घडला. केशरबाईने तुम्हाला कळवलंच असेल आणि वाढवून कळवलं असेल, म्हणून मी नीट काय ते सांगतो.

गेवराईच्या सुताराकडे पाळणा करायला टाकला होता. सागवानी, चारी बाजूंना मोर, वर घुंगरं. तो आणायला मी स्वतः दोन बैलांची दमणी जुंपून गेलो. येताना पाळणा मागे बांधला होता आणि मी, आता सांगायला हरकत नाही, त्याच्याशी बोलत होतो. म्हणजे त्यात उद्या जो कोणी असेल त्याच्याशी. मळ्याच्या वळणावर आलो. गंज दिसली, बरं वाटलं, नेहमीच वाटतं. आणि तिच्याआडून पाण्याचा टँकर आला.

तुम्ही लिहिलं होतं तसं झालं. आधी डोकं, मग हात, मग कासरा. फरक एवढाच की मला टँकर दिसला तेव्हा टँकरवाल्याच्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसला. बैलांनी माझी वाट पाहिली नाही. ते थेट गंजीत घुसले, दमणी कलंडली, मी पेंढ्यांत डोक्यावर पडलो. टँकर रस्त्याखाली जाऊन तिरपा झाला आणि त्याचं पाणी वाहायला लागलं.

मग गाव आलं. सगळं गाव! कळशा, घागरी, पातेली, एका म्हातारीने तर तवा आणला. मी पेंढ्यांत पाय वर करून पडलोय आणि बाया माझ्या अंगावरून पाण्याकडे धावताहेत. चेअरमनची चौकशी एकानेही केली नाही. भिवराबाई तेवढी जाताजाता म्हणाली, "मालक, जरा पलीकडं सरा, घागर टेकवाया जागा न्हाई."

मला काही लागलं नाही. पाळणा टँकरच्या चाकाखाली गेला.

त्याचे तुकडे मी स्वतः गोळा केले. एक मोर अख्खा राहिला आहे. घुंगरं पाण्यात वाहून गेली. दोन दिवस घास गिळवला नाही. पाळणा रिकामा होता. रिकामा होता, हे मी स्वतःला सारखं सांगतो आहे, तरी रात्री दचकून उठतो. मला भीती वाटली, राधाकिशनराव. हे शिवकन्याला वाचून दाखवू नका.

टँकरवाल्याचाच दोष होता. तो रस्त्याच्या मधून येत होता. मीही मधूनच येत होतो, पण रस्ता माझ्या मळ्याजवळचा आहे.

उत्तरेश्वर


१६ मार्च १९७३

राधाकिशनराव,

घरात अडचण झाली आहे. केशरबाईने पेटी भरली. गोधड्या, डिंक, खारका, हळिवाची पुरचुंडी, सगळं. म्हणाली, "मी परळीला चालले. लेकीचं तिथंच करते. तुमी ऱ्हावा हितं, अन् गंजीला डोहाळजेवण घाला. हिरवी साडी नेसवा, वटी भरा, पाच जणींना बोलवा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. धुळाजी दाराआड हसत होता. मी त्याच्यावर ओरडलो, मग तिच्यावर ओरडणार होतो, पण ती पेटीवर बसली होती आणि तिच्या हातात तो उरलेला मोर होता.

तिची विनवणी करून आठ दिवसांची मुदत मिळवली आहे. सोसायटीत थकबाकीदारालाही यापेक्षा जास्त देतो.

मी रात्रभर विचार केला आणि मार्ग सापडला. तुम्हीच लिहिलं होतं की ड्रायव्हरची नजर जमिनीपासून चार फुटांवर असते. ठीक! मग गंज चार फुटांच्या खाली असली तर नजर वरून जाईल की नाही? मी ती कमरेएवढी ठेवतो. वरचा कडबा उतरवतो, बूड झाकलेलं राहील. तुमचं शास्त्र राहिलं, माझ्या बापजाद्यांची रीत राहिली, शिवकन्या माहेरी आली. असा तोडगा भल्याभल्या पुढाऱ्यांना सुचत नाही.

उतरवलेला कडबा सोसायटीच्या गुरांच्या छावणीला देतो आहे. छावणीत जनावरं हाडं मोजावीत अशी उभी आहेत. हा निर्णय मी फार आधीच घेतला होता, फक्त कोणाला बोललो नव्हतो. लोक म्हणतात की चेअरमनला टँकरने अक्कल दिली. तुम्ही लक्ष देऊ नका.

तोडगा मान्य असल्याचं उलट टपाली कळवावं. पेटी दाराशीच आहे.

उत्तरेश्वर


२७ मार्च १९७३

राधाकिशनराव,

तुमचं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ:

"मामा, रस्त्यावर रांगत आलेलं मूल किती उंच असतं?"

पोस्टमनने ते वाटेत वाचलं होतं, त्याने मला ते देताना मान खाली घातली. मी ते खाटेवर बसून वाचलं. मग उठलो, हात टेकला, कंबर, देवाचं नाव, आणि वळणावर गेलो. कमरेएवढी उरलेली गंज समोर होती. मी धुळाजीला म्हटलं, "पलीकडं जाऊन रस्त्यावर रांग."

"काय करू?"

"रांग बे!"

तो गेला. मी ड्रायव्हरच्या जागी उभा राहिलो, नजर चार फुटांवर यावी म्हणून वाकून. धुळाजी दिसेना. हाक मारली, "रांगतोस का?" पलीकडून आवाज आला, "गुडघं सोलपटलं की मालक!" तो रांगतच होता. सहा फुटी, मिशीवाला, दोन पोरांचा बाप धुळाजी मला दिसत नव्हता. मग आमच्या घरचं ते एवढंसं कुठून दिसणार?

त्या क्षणी मी जे बोललो ते बापजाद्यांनी ऐकलं असेल तर त्यांनी माफ करावं.

सगळी काढली. शेवटची पेंढी मी स्वतः उचलली. गावातल्या बहुतेक गाड्या लागल्या, हरिबाने एस.टी.च्या टपावरसुद्धा चार पेंढ्या नेल्या, ते तुमच्या मित्रखात्याला कळवू नये. छावणीत आता तोंडं हलताना दिसतात. तो एक आवाज असतो, एकदम पुष्कळ जनावरं कडबा खातात त्याचा. मी संध्याकाळी तो ऐकायला जातो. चेअरमन म्हणून जावं लागतं.

बूड उघडं पडलं. घरावर काही कोसळलं नाही. खाली निघालं ते असं: मांजरीची पिल्लं, मोटेचा तो दोर, आणि सरकारी सर्वेचा एक दगड, ज्यावर सरळ रस्त्याची खूण कोरलेली आहे. तो माझ्या गंजीखाली कसा आला याची मला काहीच कल्पना नाही. दगडं जमिनीत चालतात असं ऐकलं आहे. धुळाजी विनाकारण हसला. तुम्हीही विचारू नये.

नाडा पुन्हा ताणला. कशालाच लागला नाही. केशरबाईने एक टोक धरलं होतं. तिने पेटी उघडली आहे, पण रिकामी केली नाही, कारण मुराळी म्हणून लेकीला आणायला ती स्वतःच परळीला येते आहे. पाडव्यानंतर निघेल. तिच्याबरोबर पाठवा. आता नाही म्हणायला तुम्हाला जागा उरलेली नाही, आणि मला गंज उरलेली नाही.

उत्तरेश्वर


८ एप्रिल १९७३

राधाकिशनराव,

शिवकन्या सुखरूप पोचली.

खरं सांगतो, दोरावर माझा पुरता विश्वास नव्हता. दोर म्हणजे काही एस.टी. नव्हे. म्हणून एस.टी.च्या वेळेला मी वळणापलीकडे, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. माझी लेक त्या गाडीत येणार होती, तेव्हा थांबते की नाही हे कोणीतरी बघायलाच हवं होतं. धुळाजी म्हणाला, "मालक, म्या उभा ऱ्हातो, तुमच्या गुडघ्याला पळता येनार न्हाई." मी त्याला म्हटलं, पळायचं असतं तर मग काय बघितलं?

गाडी आली. उघड्या रानातून, धुरळ्यासकट, सगळीच्या सगळी दिसत होती. ब्रेक लागला तो मला ऐकू आला आणि गाडी माझ्यापासून इतकी लांब थांबली की हरिबाला ओरडून बोलावं लागलं.

"चेअरमन! मराया दुसरी जागा घावली न्हाई का?"

"दिसलो का रे?"

"दिसलात की! पार तिकडनंच दिसलात. म्हनलं, ह्यो कोन बुजगावणं उभं केलंय!"

मग खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. "अप्पा, बाजूला व्हा की! उन्हात काय करताय?" आवाज तोच, मला रागावणारा. तिच्या मागून केशरबाईचा, तोच, तसाच. राधाकिशनराव, मी रस्त्यात उभ्या उभ्या रडलो. हे तुम्हाला हरिबाकडून कळलंच असतं, तो आता दर थांब्याला सांगतो आहे.

तिचे पाय अजून सुजतात. केशरबाई कामाला लागली आहे. सुताराने तोच एक मोर वापरून नवा पाळणा करून दिला. तीन मोर नवे आहेत आणि एक जुना, तो थोडा वाकडा बघतो.

आणि एक काम आहे. शेजारच्या मळ्याच्या बबनरावांनी पुढच्या वळणाच्या पोटात शेणाच्या गोवऱ्यांचा हुडवा रचला आहे, केवढा तरी! पलीकडचं काही दिसत नाही. मी दोर घेऊन गेलो तर म्हणतात, घराण्याची रीत आहे. किती अडाणी लोक असतात बघा. सोसायटीत ठराव घेतो आहे. तुम्ही खात्यातून एक कडक पत्र पाठवावं.

उत्तरेश्वर


४ जून १९७३

प्रिय राधाकिशनराव,

तार मिळाली असेल. तारेत फार लिहिता येत नाही म्हणून हे पत्र. मुलगी. दोघी ठणठणीत. रंग तुमचा, आवाज केशरबाईचा, आणि तान्ह्या पोरीला हट्ट असतो हे मला माहीत नव्हतं, तो कोणाचा ते घरात सगळे एकमेकांना डोळ्यांनी सांगतात. पाळण्यात पडल्या पडल्या ती तो वाकडा मोर बघते. बाकी तिघांकडे ढुंकून बघत नाही.

पाऊस अजून नाही. छावणी चालू आहे, कडबा संपत आला, संपला की काय करायचं ते बघू. पुढच्या साली जोंधळा झाला तर नवी गंज रचीन. जागा धरून ठेवली आहे, घराच्या मागे, जिथून ती फक्त मला आणि केशरबाईला दिसेल. केशरबाई म्हणते, मला नको.

बारशाला यावं. पुरणपोळी होईल. धुळाजीला त्या दिवशी दुसऱ्या गावी पाठवतो आहे.

तुम्ही जीपने याल. आधी कळवण्याची गरज नाही. खाट तिथेच आहे, ओट्यासमोर, दिवाळीत होती तिथेच. पण आता खाटेवरून वळणाच्या पलीकडचं सगळं दिसतं, ओढ्याचा पूल, बाभळी, पुलावरून गाडी चढते तेव्हा उडणारा धुरळा. मी पुष्कळदा बसून बघितलं आहे. पुलावर जीप दिसली की हात टेकायचा, मग कंबर, मग देवाचं नाव. तेवढ्या वेळात जीप दारात येते, आणि तोवर मी पुरता उभा झालेला असतो.

तुमचा,
उत्तरेश्वरमामा